पहिल्या रांगेतली जयवंता

जयवंताबाईंचा आवाज आधी पाखरांनी ऐकला. बार्शीटाकळीच्या शिवारात जानरावांची ज्वारी निसवली, की मचाणावर चढायचं काम घरातल्या थोरल्या लेकीचं. शेजारच्या शेतांत पोरं डबे बडवायची, गोफणी फिरवायची. जयवंता नुसती ओरडायची. ते ओरडणं घशात खाली कुठेतरी गुरगुरत सुरू व्हायचं, मग एकदम वर उडी मारायचं आणि वर गेल्यावर फाटायचं. ते फाटलं की अख्खा थवा ज्वारीवरून उठून पलीकडच्या शेतात जाऊन बसायचा. पलीकडचे लोक शिव्या घालायचे.

याच आवाजानं पुढं ती वऱ्हाडात रॉक अँड रोल गायली. तिच्याआधी इकडे ते कुणी गायलं असेल, तर मला तरी सापडलेलं नाही. पण तिचं नाव कुठेच नव्हतं. नाव होतं यशोधनचं.

यशोधन अकोल्याच्या मोरोपंत वकिलांचा मुलगा. कॉलेजात होता, दिसायला देखणा. मुंबईच्या मामानं त्याला विजेवर वाजणारी गिटार आणि इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या आणून दिल्या होत्या. त्यानं 'रॉकेट ऑर्केस्ट्रा' काढला. ड्रम वाजवायला त्याला बार्शीटाकळीचा देवमन मिळाला, जो तोवर लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. सदुसष्ट सालच्या थंडीत देवमननं त्याला गावी हुरडा खायला नेलं. सगळे आगटीभोवती बसलेले असताना मचाणावरून जयवंताची आरोळी आली. यशोधनच्या हातातला हुरडा हातातच राहिला.

"कोण आहे हे?"

"जानरावची जयवंता. पाखरं हाकलून राहिली."

"तिला हे शिकवलं कुणी? आवाज असा फाडायला?"

देवमन हसला. "चिमण्यायनं."

यशोधनला हसू आलं नाही. तबकडीवरच्या गोऱ्या गायकांसारखा आवाज काढायला तो वर्षभर आरशासमोर उभा राहत होता. शब्द पाठ होते, पण आवाज निघायचा तो वकिलाच्या घरातला, सभ्य. आणि इथे एक पोरगी तोच आवाज पाखरांवर उधळत होती.

जयवंताला शिवण शिकायच्या निमित्तानं अकोल्याला मावशीकडे ठेवलेलंच होतं. हंगामापुरती ती गावी यायची. ज्वारी निघाली, ती अकोल्याला परतली आणि शिवणवर्गाऐवजी मोरोपंतांच्या घरामागच्या गोदामात ऑर्केस्ट्राच्या तालमीला जाऊ लागली. मावशीला वाटायचं पोरगी झबली शिवते. इंग्रजी तिला येत नव्हतं. यशोधननं शब्द देवनागरीत लिहून दिले, तर ती म्हणाली, "मले समजत नाई ते मी कायले गाऊ?" आणि मचाणावरच्या आरोळ्यांना तिनं स्वतःच शब्द लावले.

हा रे हाऽ, पाखरा, हाऽ!
माहा दाना, माहं रान,
तुहा डोया काहून त्यावर,
बोल रे बेइमाना, हाऽ!

देवमननं त्याखाली ठेका धरला, यशोधननं गिटार टाकली, आणि ते गाणं झालं. शब्द तिचे, चाल तिची. गिटार यशोधनची, हे जयवंताबाई आजही नाकारत नाहीत. "गिटार चांगलीच वाजवे तो," म्हणतात. "खोटं काहून बोलू?"

पुढचं वर्षभर रॉकेट ऑर्केस्ट्रा अकोल्यात गाजला. जयवंता पँट आणि चमकीचा लाल शर्ट घालून उभी राहायची. कार्यक्रमात तिचं नाव 'मिस जया' असायचं, त्यामुळे बार्शीटाकळीपर्यंत बातमी गेली नाही. पोरी तिच्यासारखे केस कापायला लागल्या. अमरावतीत ऑर्केस्ट्रांची स्पर्धा जाहीर झाली, आणि मुंबईच्या एका कंपनीचे लोक परीक्षक म्हणून येणार, जिंकेल त्याची तबकडी निघणार, असं कळलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तालीम झाली. मुंबईच्या पाहुण्यांपैकी एकानं यशोधनला बाजूला घेतलं. देवमन ड्रमच्या कातड्याची दोरी आवळत जवळच बसला होता. त्यानं पाहुण्याचं बोलणं ऐकलं. "मुलगी आम्हाला द्या. वाजवणारे आमच्याकडे मुंबईत पुष्कळ आहेत." यशोधन हसून 'बरं' म्हणाला. देवमनला वाटलं, चला, पोरीचं भलं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन सामान घेऊन नाट्यगृहावर गेला. जयवंता लॉजवरच होती. यशोधन धावत तिच्या दारात आला. चेहरा पांढरा पडलेला.

"जया, खाली ट्रंक कॉल आला होता. बार्शीटाकळीहून. तुझ्या बाबांना बैलानं मारलंय."

"हायेत ना?"

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "लवकर जा."

कार्यक्रमाचे कपडे अंगावर चढवले होते, तशीच ती बसस्टँडवर धावली. अमरावती ते अकोला, अकोल्याहून बार्शीटाकळी. वाटेत तिनं बाप मनातल्या मनात जाळला, राख सावडली, आईच्या कपाळाचं कुंकू पुसलेलं बघितलं. गावात बस थांबताच तिनं खाली उडी टाकली. ऊर बडवत, 'बाबा वो, माह्या बाबा' म्हणत ती बाजारातून धावत सुटली. लाल चमकीचा शर्ट, पँट, कापलेले केस. बाजाराचा दिवस होता. सगळं गाव उभं राहून बघत होतं.

जानराव लिंबाखाली दाढी करायला बसले होते. एक गाल झालेला, दुसऱ्यावर साबण. लेक समोर येऊन कोसळली तेव्हा त्यांनी वस्तरा धरलेला हात बाजूला केला आणि हळूच म्हणाले, "मी मेलो नाई वं बाई."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

जानरावांनी तिला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. उपरण्यानं साबण पुसला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून घरी चालू लागले. त्या दिवसापासून ते लेकीशी बोलले नाहीत. आई गोदाबाई मधे निरोप्याचं काम करायची, म्हणजे 'तिले सांग जेवून घे म्हना', असं. नांदगाव खंडेश्वरला ठरत आलेली सोयरीक मोडली. पाहुण्यांनी कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

अमरावतीत त्या संध्याकाळी यशोधन स्वतः गायला. 'मिस जयांचे वडील गंभीर आहेत, तरी आम्ही कलेचा धर्म पाळतो,' असं माइकवर म्हणून गायला. टाळ्या डबल पडल्या. तबकडी निघाली. तिच्यावर गीत, संगीत, गायन, तिन्ही ठिकाणी एकच नाव. देवमननं त्याच आठवड्यात ऑर्केस्ट्रा सोडला आणि गावी येऊन जयवंताला सगळं सांगितलं.

ती तेव्हाही सूड घ्यायला उठली नाही. ती उठली ती वर्षभरानं. पंचायतीच्या रेडिओवर एक दिवस ते गाणं लागलं. जानराव पारावर बसले होते. जयवंता डोक्यावर कडबा घेऊन मागून येत होती. तिनं बघितलं, बापाचा पाय ठेक्यावर हलतोय. गाणं संपल्यावर जानराव शेजारच्याला म्हणाले, "चांगला म्हनते बाप्पा हा पोट्टा. आपल्या इकडचाच दिसते."

जयवंताबाई मला हे सांगत होत्या तेव्हा तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "बापानं माहं गानं ऐकलं. त्याच्या तोंडातून. तुमीच सांगा, याले माफी कोन्या देवळात हाये?"

दुसऱ्या दिवशी तिनं विळा पिशवीत घातला आणि अकोल्याला गेली. गणपतीचे दिवस होते, यशोधनचा कार्यक्रम होता. ती अगदी पुढच्या रांगेत जाऊन बसली. तो एकटा सापडला तर काय करायचं हे तिनं ठरवलं होतं. काय, ते त्या सांगत नाहीत. "इयाले धार होती," एवढंच म्हणतात.

यशोधन हसत मंचावर आला आणि गाणं सुरू केलं. पहिली ओळ गाता गाता त्याला ती दिसली. तिचा हात पिशवीत होता, आणि तिच्याही नकळत तिचे ओठ हलत होते, आवाज न करता. ते शब्द तिच्या तोंडात राहायचेच. पण ती मचाणावर म्हणायची तसं, ठेक्याच्या किंचित आधी म्हणत होती. यशोधनची नजर त्या ओठांना चिकटली. तो अडखळला, तिच्यामागे धावला, पुढं गेला, ठेक्याबाहेर पडला. 'बेइमाना'वर त्याचा आवाज चिरकला. लोक हसले.

ते हसणं ऐकून जयवंतानं पिशवीतला हात बाहेर काढला.

"मले समजलं," त्या म्हणतात, "इयाची गरजच नाई."

त्यानंतर यशोधनचा कार्यक्रम जिथे असेल तिथे पहिल्या रांगेत जयवंता. अकोला, मूर्तिजापूर, कारंजा, अमरावती. शेंदूरजनाघाटला संत्रावाल्यांच्या मेळाव्यात. रीतसर तिकीट काढायची, ताठ बसायची, टाळी वाजवायची नाही, बोलायची नाही. नुसते ओठ हलवायची, किंचित आधी. मधे तिचं देवमनशी लग्न झालं, दोन्हीकडचे रुसले. देवमनला अकोल्याच्या जिनिंगमध्ये नोकरी लागली आणि सायकल जाऊन मोटारसायकल आली. तो तिला घेऊन जायचा, स्वतः बाहेर चहा पीत थांबायचा.

यशोधननं स्वयंसेवकांकडून तिला उठवून पाहिलं. ती उठत नव्हती, आणि तिकीट काढलेल्या बाईला हात लावायला कुणी तयार नव्हतं. त्यानं ते गाणं गायचं सोडलं, तर लोक तेच मागायचे. त्यानं काळा चष्मा लावला. तिच्या ओठांकडे बघायचं नाही म्हणून तो मान वर करून गायला लागला, तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "वरते काय पाहून राहिला, पाखरू?"

शेवटी एका दुपारी तो त्यांच्या अकोल्याच्या घरी आला. देवमननं दार उघडलं आणि बाजूला झाला. जयवंतानं पाणी दिलं, चहा ठेवला.

"आता पुरे कर, जया," यशोधन म्हणाला. "मी गाऊ शकत नाही. घरात आंघोळ करतानासुद्धा तुझे ओठ दिसतात."

"जयवंता म्हन."

"जयवंता. तू म्हणशील ते करतो."

"माइकवर सांग. गानं माहं हाये. अन् माह्या बापाले तू तोंडानं मारलं, हे बी सांग."

त्यानं चहाची बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "गाण्याचं एक वेळ... पण ते दुसरं नाही. लोक तोंडावर थुंकतील माझ्या."

"मंग चहा पे अन् जाय."

तो चहा न पिताच गेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचं गाणं बंद पडलं. घसा गेला म्हणायचे. डॉक्टरांना घशात काही दिसलं नाही. त्यानं अमरावतीला वाद्यांचं दुकान टाकलं, लग्न केलं, संसार केला.

जयवंता जिंकली होती. पण आता तिचे शनिवार-रविवार रिकामे होते. एकदा देवमन म्हणाला, "त्याच्या मांगं फिरलो तेवढ्या दिवसांत तू सोता गायली असती, त..." ती त्याच्यावर इतकी भडकली, की त्यानं हा विषय पुन्हा काढला नाही. जानराव त्र्याऐंशी साली गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी लेकीला हाक मारली, पाणी मागितलं, तिच्या हातून प्यायले. लिंबाखालच्या दिवसाबद्दल ते बोलले नाहीत. गाणं तिचं होतं, हे ती त्यांना सांगू शकली नाही. "मरत्या मानसाले काय सांगू? त्यायले ते गानं आवडे."

गेल्या वर्षीची गोष्ट. जयवंताबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. सून प्राजक्ता ओट्याशी मोबाइल बघत होती. एकदम तबकडीची खरखर आली आणि मागोमाग, 'हा रे हाऽ, पाखरा, हाऽ'.

"आई, हे ऐका. किती जुनं गाणं आहे. लाखो लोकांनी बघितलंय म्हणे."

"जुनं नाई," जयवंताबाई म्हणाल्या. "चोरीचं हाये."

तव्यावरची भाकरी जळाली. प्राजक्ताला त्या दिवशी पहिल्यांदा सगळी हकिगत कळली. यशोधनची नात जुईली स्वतः गाणारी. तिनं आजोबांची तबकडी साफ करून नेटवर टाकली होती. अमरावतीत सत्कार ठेवला होता, फलक होता, 'वऱ्हाडचा पहिला रॉक अँड रोल गायक'.

"गाडी सांग," जयवंताबाई नवऱ्याला म्हणाल्या. देवमनरावांचे गुडघे गेले आहेत. तेही निघाले.

त्या कार्यक्रमाला मी तिसऱ्या रांगेत होतो. तोपर्यंत मला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीवर नऊवारीतली एक म्हातारी बसली होती. कार्यकर्ते तिला मागं जायला सांगत होते आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, एवढं लक्षात आलं.

यशोधनरावांना हात धरून आणलं. गोरेपान, कडक कुडता, चेहऱ्यावर छान हसू. शाल झाली, श्रीफळ झालं. मग जुईलीनं गिटार घेतली आणि म्हणाली, "आजोबा आज माझ्याबरोबर गाणार आहेत." टाळ्यांचा कडकडाट झाला.

ते उभे राहिले. समोर बघितलं. जयवंताबाईंचे ओठ हलायला लागले, किंचित आधी. आता हा कोसळणार, असं त्यांना वाटलं.

तो कोसळला नाही. यशोधनरावांनी त्या ओठांकडे लहान मूल आईकडे बघतं तसं बघितलं, आणि गायला लागले. स्वच्छ. एकही शब्द न चुकता. सभागृह डोलायला लागलं.

जयवंताबाईंना कळायला एक कडवं लागलं. त्याला त्या ओळखूच येत नव्हत्या. त्याला काही आठवतच नव्हतं, गाण्याचे शब्दसुद्धा नाही. तो ते तिच्या ओठांवरून वाचत होता. ज्या ओठांनी एके काळी त्याचा गळा आवळला, त्यांच्याच आधारानं तो आज गात होता.

त्यांनी तोंड मिटलं.

यशोधनराव ओळीच्या मधेच थांबले. 'तुहा डोया काहून...' आणि पुढं काही नाही. जुईलीनं ओळ पुन्हा वाजवली, हळूच शब्द सांगितला. त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते म्हातारीकडे बघत वाट पाहत होते. जयवंताबाई ओठ दाबून बसल्या होत्या.

मग यशोधनराव माइकवर अगदी सहज म्हणाले, "पुढचं तिला विचारा. गाणं तिचंच आहे ना."

जुईली गिटार ठेवून खाली उतरली. माइक हातातच होता. वाकून तिनं विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

"जयवंता देवमन. बार्शीटाकळीच्या जानरावची पोरगी." माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग त्यांनी माइक हातात घेतला आणि उभं राहून सांगितलं. लॉज, ट्रंक कॉल, बैल, बाजार, बापाची अर्धी दाढी. मधेच कुणीतरी 'आजी, बसा आता' म्हणालं, तर शेजारून देवमनराव ओरडले, "बोलू द्या तिले!" यशोधनरावांचा मुलगा मंचावरून तरातरा निघून गेला. जुईली रडत उभी होती, पण तिनं माइक परत मागितला नाही. आणि यशोधनराव हसत ऐकत होते, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसे. बैलाचं आलं तेव्हा त्यांनी 'अरेरे' म्हटलं.

त्या 'अरेरे'वर जयवंताबाई थांबल्या. त्यांनी माइक जुईलीच्या हातात कोंबला आणि बाहेर गेल्या.

गाडीत त्या अकोल्यापर्यंत धुमसत होत्या. नंतर मी घरी भेटायला गेलो तेव्हाही तो राग तसाच होता. "सुटला," त्या म्हणाल्या. "मी इतके साल त्याले पकडून ठेवलं अन् तो मांगच्या दारानं पयाला. त्यानं सांगतलं ते लाजेनं नाई सांगतलं. इसरला म्हनून सांगतलं. हे मले नाई पायजे."

जुईली अकोल्याला आली. तिनं गाण्यावरचं नाव बदललं होतं, ते दाखवलं. जयवंताबाईंनी बघितलं, मान हलवली. जुईली म्हणाली, "आजी, आजोबा एखाद्या सकाळी एकदम शुद्धीत असतात. सगळं आठवतं त्यांना."

"त्या सकाळी मले फोन कर. मी येतो."

फोन संक्रांतीनंतर आला. देवमनरावांना घेऊन त्या पहिल्या बसनं अमरावतीला निघाल्या. यशोधनराव अंगणात उन्हाला बसले होते. फाटकातून आत येणारी बाई बघून त्यांचा चेहरा उतरला, आणि जयवंताबाई मला म्हणाल्या, तो उतरलेला चेहरा बघून त्यांना बरं वाटलं.

"जयवंता," ते म्हणाले.

"ट्रंक कॉल आला होता का रे?"

"नाही."

"जोरानं बोल. नातीले ऐकू दे."

"नाही आला. मी खोटं बोललो. ते लोक तुला नेणार होते." ते अर्धवट उठले. "तुझे बाबा..."

"गेले. त्र्याऐंशीत. तुहंच गानं समजत गेले."

ते रडायला लागले. जुईलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आशेनं जयवंताबाईंकडे बघितलं. जयवंताबाईंनी त्यांना पोटभर रडू दिलं. मधे पडल्या नाहीत, पाणी दिलं नाही. उन्हात उभ्या राहून सगळं बघितलं. मग पदर सारखा करून निघाल्या.

फाटकाशी जुईली धावत आली. "आजी, आता तरी माफ केलं ना त्यांना?"

"नाई वं पोरी. तू तुह्या आज्याले सांभाळ. ते तुहं काम हाये."

देवमनराव रस्त्यावर रिक्षा थांबवून उभे होते. राजकमल चौकात उतरून दोघांनी गिला वडा खाल्ला. जयवंताबाईंनी दुसरी प्लेट मागितली.